वजनकाटा घरीच राहू द्या

बाई महिनाभर पळाली की पहिला प्रश्न ठरलेला, "किती उतरलं गं वजन?" इथंच हिशोब चुकतो. ६० किलोची बाई ३ किलोमीटर पळाली तर जळतात साधारण १८० कॅलरी, म्हणजे ज्वारीची एक भाकरी. एवढ्यासाठी पहाटे पाचला उठणार असाल तर झोपा निवांत. पळणं कामाला येतं ते हाडांना आणि दमसासाला.

हाडावर अंगाचं वजन आदळलं की ते घट्ट व्हायला लागतं. पोहण्यातून किंवा सायकलीतून हा ठोका मिळत नाही. पाळी गेली की इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयातलं संप्रेरक, घटतं आणि हाडं भराभर झिजतात. बीडकडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं होतं. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर ही झीज पस्तिशीतच सुरू होते. अशा बाईनं मात्र एकदम पळू नये. आधी हाडांची तपासणी, मग भरभर चालणं.

पळायला सांगितलं की बाया म्हणतात, "शेतात राबतो की दिवसभर." हे उत्तर अर्धंच खरं आहे. खुरपणीनं कंबर मोडते, पण छाती वीस मिनिटं एका लयीत धपापत नाही. मोळ्या वाहणारीला मात्र पळायला सांगू नका, तिला आधी जेवण आणि झोप द्या.

सुरुवात अशी करा: ५ मिनिटं चालून अंग गरम करायचं, मग १ मिनिट पळायचं, २ मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सोडून. पळताना शेजारणीशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग जास्त झालाय. हे सहज जमलं की पळायचं मिनिट दीड करा, पुढच्या आठवड्यात दोन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं सात वाजताच ऊन चटकतं, तेव्हा साडेसहाच्या आत घरी.

पोलिस भरतीच्या पोरी वेगापायीच फसतात. मैदानी चाचणीत ८०० मीटर पळायचं असतं म्हणून रोज ८०० मीटर जीव तोडून मारतात, तेही सिमेंटच्या रस्त्यावर. तिसऱ्या आठवड्यात नडगी ठणकायला लागते, मग तेल चोळत बसायचं. अगं, जोरात पळणं आठवड्यातून एकदाच: ४०० मीटर चार वेळा, मध्ये ३ मिनिटं विसावा. बाकी दिवस सावकाश, मातीच्या किंवा मुरमाच्या ग्राउंडवर. नडगीत बोट ठेवलं की एकाच जागी कळ येत असेल तर पळणं बंद आणि दवाखाना, हाडाला चीर असू शकते.

हिमोग्लोबिन आधी तपासा. १२ च्या खाली असेल तर दम अपुरा पडतो, आणि आपण म्हणतो, "माझ्यानं होत नाही." फार कमी असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत चालण्यावरच राहा. लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेतला तर गोळी वाया, लिंबूपाण्यासोबत घ्या. उपाशीपोटी पळू नका, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा पुरे. पळणं वाढवलं, जेवण घटवलं आणि तीन महिने पाळीच आली नाही, तर ती फिटनेस नव्हे, उपासमार आहे. (दिवस गेलेत का, थायरॉइड आहे का, हेही बघायचं.)

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढं बोटभर जागा हवी. स्पोर्ट्स ब्राचा खालचा पट्टा घट्ट हवा, पण दोन बोटं आत जायला हवीत. एकावर एक दोन ब्रा घालून आवळलं तर श्वासच पुरत नाही. सलवार चालते, ओढणी कमरेला गाठ मारून.

आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. बाळंतपणानंतर पळताना लघवीचे थेंब गळतात म्हणून कित्येकजणी गुपचूप पळणं सोडतात. बाळंतपणानंतर तीन महिने तरी पळू नये, सिझर असलं तरी. त्या काळात लघवी अडवल्यासारखं आतून आवळायचं, ५ सेकंद धरायचं, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा, भाकऱ्या थापतानासुद्धा जमतं. तरीही गळत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला स्पष्ट सांगा, लाजू नका.