‘काय होत नाही बे, टाक!’ म्हणत भरलेली बॅग

परदेशी निघालेल्या माणसाची बॅग सोलापुरात कशी भरतात ते बघितलं की डोकं फिरतं. तिकिटाला लाखभर रुपये घालतील, व्हिसासाठी पुण्या-मुंबईला खेपा मारतील, पण कुठल्या देशात काय चालतं हे अर्धा तास बसून बघणार नाहीत. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘काय होत नाही बे, टाक!’

होतं. काळा मसालाच घ्या. दुबईला लेकाकडे निघालेल्या आईच्या बॅगेत घरचा किलोभर मसाला असतोच आणि त्यात खसखस भाजून घातलेली असते. खसखस येते अफूच्या बोंडातून. अमिरातीत ती बंदी असलेल्या अमली पदार्थांत धरतात. सौदीत आणि सिंगापुरातही बंदीच. ‘मसाल्यातलीच आहे’ म्हणून तिथे कुणी सोडत नाही, माणूस कोठडीत जाऊ शकतो. मसाला न्यायचाच असेल तर खसखस न घालता वेगळा कुटा. इतकं सोपं आहे, तरी करत नाहीत! सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही चेक-इन बॅगेत भरतात. तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात तो धोक्याचा माल.

शेंगाचटणीवर एवढा जीव, तर ती नीट भरा की! साध्या पिशवीत ती तेल सोडते आणि सगळे कपडे खराब करते. वर विमानात हवेचा दाब कमी होतो, हवा राहिलेली पिशवी फुगते आणि शिवण सुटते. हवा काढून सील केलेलं पाकीट, त्यावर दुसरी पिशवी, मग घट्ट झाकणाचा डबा. पाकिटावर पदार्थाचं नाव आणि घटक इंग्रजीत लिहा. बिननावाची लाल पूड दिसली की अधिकारी पाकीट फोडणारच, त्यात त्याची काय चूक? अमेरिकेला जाताना ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातातल्या बॅगेत ठेवू नका, चेक-इनमध्ये टाका. कडक भाकरीला पत्र्याचा डबाच लागतो, नाहीतर पोचेपर्यंत चुरा.

तूप, पेढे, खवा युरोपीय संघाच्या देशांत नेता येत नाही. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथे बंद. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये खाण्याचं काहीही असलं तरी तिथे पोचताना भरायच्या फॉर्मवर ‘हो’ लिहायचं. ‘हो’ लिहिल्याला दंड नाही, फार तर वस्तू काढून घेतात. पण लोक घाबरून ‘नाही’ लिहितात, आणि न्यूझीलंडमध्ये त्याचे जागेवर तिथले ४०० डॉलर जातात. ऑस्ट्रेलियात तर व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो.

औषधांची तर कमाल आहे. गोळ्या पट्टीतून काढून प्लॅस्टिकच्या डबीत! कुठली गोळी कशाची हे तिकडच्या अधिकाऱ्याला कसं कळणार? मूळ पट्टी ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ नावासह (ब्रँडचं नव्हे, आतल्या औषधाचं) घ्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी, झोपेच्या गोळ्या अमिरातीत न्यायच्या तर आधी ऑनलाइन परवानगी लागते. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, सामानाच्या खणात गोठलं की वाया गेलं.

मावा आणि तंबाखूच्या पुड्या सिंगापूरला नेऊच नका, चघळायच्या तंबाखूवर तिथे बंदी आहे. च्युइंगमसुद्धा नेता येत नाही. पॉवर बँक चेक-इनमध्ये टाकायची नाही, हातातच ठेवायची, तीही १०० वॅट-अवरच्या आतली. २०,००० एमएएचची चालते.

आणि सगळ्यात चीड कशाची येत असेल तर दुसऱ्यांच्या पुड्यांची. कुणी परदेशी निघालं की अख्खी गल्ली पिशव्या घेऊन दारात. ‘आमच्या पोराला एवढं द्या की वो.’ आत काय आहे ते धड सांगत नाहीत, आणि घेणाराही भिडेपोटी घेतो. काउंटरवर विचारतात, बॅग तुम्हीच भरली का? तिथे ‘हो’ म्हटलं की आत जे सापडेल ते तुमचं. पिशवी देणारा तेव्हा सोलापुरात घरी झोपलेला असतो. त्यामुळे पिशवी त्यांच्यासमोर उघडा, सगळं बाहेर काढून बघा. उघडू देत नसतील तर दारातूनच परत करा, मग सख्खी आत्या का असेना.