भाड्याएवढ्या हप्त्यात घर होत नाही

लग्न होऊन दोन-तीन वर्षे झालेल्या जोडप्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर सतत फिरत असतो. भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. त्यात थोडी भर घालून कर्जाचा हप्ता भरला की वीस वर्षांनी घर आपले होते. व्याजावर कर वाचतो. जागेचे भाव कधी उतरत नाहीत. आणि बँक कर्ज देते आहे म्हणजे ते झेपणारच, असा त्याचा आशय असतो. या मजकुराच्या भरवशावर नवराबायको आपली, आणि पुष्कळदा आईवडिलांचीही, पुंजी घालून मोकळी होतात, म्हणून त्यातले एकेक विधान आकड्यांवर तपासून पाहिले पाहिजे.

हिशेबासाठी पुण्यातील वाकड-पुनावळे भागातली, बांधकाम चालू असलेली ७५ लाखांची टू बीएचके सदनिका घेऊ आणि तशाच सदनिकेचे भाडे महिना २५,००० रुपये धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते. म्हणजे कर्ज ६० लाख आणि पदरचे १५ लाख. त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ५,२५,०००, नोंदणीचे ३०,००० आणि ५ टक्के जीएसटीचे ३,७५,००० रुपये. जीएसटीचा काही भाग एखादी बँक कर्जात धरेलही, परंतु मुद्रांक शुल्क आणि नोंदणी ही घराच्या किमतीत धरली जात नाहीत, ती खिशातूनच जातात. बेरीज २४,३०,००० रुपये होते, आणि सोसायटीच्या मेंटेनन्सची आगाऊ रक्कम व घरात करायचे फर्निचर त्यात अजून आलेलेच नाही. (सदनिका फक्त पत्नीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे ७५,००० रुपये वाचतात, दोघांच्या नावावर घेतल्यास ती मिळत नाही. हे आधी ठाऊक असलेले बरे.)

आता हप्ता. व्याजदर ८.५ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली तर ६० लाखांचा हप्ता सुमारे ५२,००० रुपये येतो. आज कोणाला याहून कमी दराने कर्ज मिळेल, परंतु वीस वर्षांचा हिशेब आजच्या दरावर बेतणे धोक्याचे आहे. भाडे २५,००० आणि हप्ता ५२,००० असताना ‘थोडी भर’ हे शब्द वापरणे ही दिशाभूल आहे. शिवाय ताबा मिळेपर्यंत जेवढे कर्ज उचलले असेल त्याचे व्याज आणि राहत्या घराचे भाडे ही दोन्ही एकाच वेळी भरावी लागतात.

‘पाण्यात गेलेला पैसा’ हे विधान सर्वांत जास्त पटते, म्हणून ते नीट पाहू. पहिल्या महिन्याच्या ५२,००० रुपयांतले ४२,५०० रुपये व्याजाचे असतात आणि मुद्दल फिटते ते जेमतेम साडेनऊ हजारांचे. पाच वर्षांत मिळून ३१ लाखांहून अधिक भरल्यानंतर मुद्दल केवळ ७ लाख १२ हजारांनी उतरलेले असते. उरलेले २४ लाख व्याजात गेलेले असतात. भाडे जसे परत येत नाही तसे व्याजही परत येत नाही, आणि म्हणून तुलना करायची ती भाड्याची हप्त्याशी नव्हे, तर भाड्याची व्याजाशी. त्यात मेंटेनन्स, मिळकतकर आणि अडकून पडलेल्या २४ लाखांवर सुटलेले व्याजही मिळवायचे. ७ टक्के दराची मुदत ठेव धरली तरी ते महिन्याला १४,००० रुपये होते.

याला दुसरी बाजू आहे आणि ती खरी आहे. भाडे दरवर्षी वाढते. ८ टक्क्यांनी वाढत गेले तर नऊ वर्षांत दुप्पट होते, तर हप्त्यातला व्याजाचा वाटा उतरत जातो. अकरा महिन्यांचा करार संपला की मालक काय म्हणेल ही धास्ती, मुलाची शाळा ठरल्यावर पुन्हा टेम्पो बोलावून सामान हलवणे, भिंतीला खिळा ठोकण्यापूर्वी परवानगी विचारणे, या गोष्टींची किंमत आकड्यात मांडता येत नसली तरी ती माणसे भोगत असतात. ज्यांना दहा-बारा वर्षे त्याच भागात राहायचे आहे त्यांच्यासाठी घर घेणे बहुधा योग्यच ठरेल. ज्यांची नोकरी तीन वर्षांनी बेंगळुरूला नेऊ शकते त्यांनी मात्र भाडे भरताना स्वतःला दोष देऊ नये.

कर वाचण्याचे विधान आता बहुतेकांना लागूच पडत नाही. नवी करप्रणाली निवडली असेल, आणि काही न सांगता तीच लागू होते, तर राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीत ती प्रत्येकी वर्षाला २ लाखांपर्यंतच मिळते, आणि स्वतःच्या घरात राहायला गेल्यावर घरभाडे भत्त्याची सूट जाते.

भाव कधी उतरत नाहीत म्हणणाऱ्यांनी २०२० आठवावे. कोरोनाच्या त्या वर्षी घरे खपावीत म्हणून राज्य सरकारला मुद्रांक शुल्कात सप्टेंबर ते डिसेंबर तब्बल ३ टक्क्यांची कपात करावी लागली होती. भाव न पडता नुसते पाच-सहा वर्षे थांबले, तरी व्याज भरणाऱ्याचे नुकसानच होते.

राहिले बँकेवरचे विसंबणे. बँक आजच्या दोन पगारांवर कर्ज बसवते. घरात उद्या काय घडेल हे तिच्या कागदांत नसते. दोघांच्या हातात मिळून १,२०,००० रुपये येत असतील तर ५२,००० चा हप्ता मंजूर होऊ शकतो. बाळंतपणाची रजा संपल्यावर पाळणाघराची सोय न झाल्याने पत्नीने वर्षभर नोकरी सोडली, किंवा दोघांपैकी एकाची कंपनीच्या कपातीत नोकरी गेली, तर ६०,००० च्या एका पगारातून हप्ता गेल्यावर किराणा, मेंटेनन्स, गावाकडे पाठवायचे पैसे या सगळ्यांसाठी ८,००० रुपये उरतात. दरांचेही तसेच. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि त्यामागोमाग गृहकर्जाचे दरही चढले. ६.७ टक्क्यांनी घेतलेल्या ६० लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे ४५,४०० रुपये होता, दर ९.२ टक्के झाल्यावर तेवढ्या मुदलाचे नुसते व्याजच महिन्याला ४६,००० होते. जुन्या हप्त्यात व्याजसुद्धा फिटेना, म्हणून कोणाचा हप्ता वाढला, कोणाची मुदत वाढली.

घर घ्यायचेच असेल तर टोकन देण्यापूर्वी वर्षभर एक करून पाहावे. हप्ता ५२,००० आणि मेंटेनन्स ४,००० यांतून भाड्याचे २५,००० वजा करून उरणारे ३१,००० रुपये पगार जमा होताच दरमहा आरडीत, म्हणजे बँकेच्या आवर्ती ठेवीत, टाकावेत. दिवाळी, गाडीचा विमा, आजारपण, नात्यातले लग्न हे सगळे होऊनही ती आरडी मोडावी लागली नाही, तर एवढे कर्ज झेपेल असे समजायला हरकत नाही, आणि पदरात पावणेचार लाखही जमलेले असतील. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच मोडावी लागली, तर ७५ लाखांऐवजी ५० लाखांच्या घराचा विचार करावा, किंवा आणखी काही वर्षे भाड्याने राहून डाऊन पेमेंट वाढवावे.