प्लायसाठी मान्य, बारीक पट्ट्यांसाठी नाही

ट्रॅक सॉ (रेलवरून सरकवत चालवायची गोल ब्लेडची करवत) घेतला की टेबल सॉची (टेबलातून वर आलेल्या ब्लेडवर लाकूड ढकलायचं मशीन) गरजच उरत नाही, हे ट्रॅक सॉवरच्या लेखातलं वाक्य अर्धंच पटलं. आठ बाय चार फुटांचा १८ मिमी प्लाय टेबल सॉवर एकट्याने ढकलणं म्हणजे कसरत. तिथे शीट जमिनीवर थर्माकोलच्या जाड तुकड्यांवर टाकायची, खुणेवर रेल ठेवायची आणि मशीन चालवायचं, हे केव्हाही बरं. पण दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्या काढायच्या असतील तर रेलला टेकायला जागाच राहत नाही. तिथे टेबल सॉच हवा.

रेलच्या कडेच्या रबरी पट्टीबद्दल लेखात एकच ओळ आहे. खरी गंमत तिथेच आहे. पहिल्या कटमध्ये ब्लेड ती पट्टी स्वतःच्या मापाने कापतं, मग पट्टीची कड म्हणजेच कापाची रेष. ब्लेडचे दात खालून वर येतात, त्यामुळे व्हिनियर (प्लायवरचा पातळ लाकडी थर) वरच्या बाजूने उडतं. पट्टी ते दाबून धरते. म्हणून चांगली बाजू वर, आणि जो तुकडा वापरायचा आहे त्यावर रेल. ब्लेड बदललं की पट्टीही तपासा.

१४०० मिमीची रेल चार फुटांच्या आडव्या कापाला पुरते. आठ फुटांसाठी दोन जोडताना टोकाला टोक भिडवू नका, थोडी फट ठेवा आणि सरळ पट्टी लावून मगच स्क्रू आवळा.

आपल्याकडे मार्बल कटरला (फरशी कापायचं हातमशीन) लाकूड कापायचं ब्लेड लावून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर हेच काम सर्रास चालतं. काप सरळ येतोही, पण त्या कटरला ब्लेड झाकणारं खालचं गार्ड नसतं आणि फेरे मिनिटाला बारा हजारांच्या घरात.