‘प्राध्यापकांवर पैसे कशाला?’ या मेसेजला उत्तर

अमेरिकेतल्या आयटीवाल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. मला तो चार जणांकडून आला, आणि त्यातल्या दोघांना तो मनापासून पटलेला होता. मेसेजचं म्हणणं असं: कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक महाविद्यालयांतल्या, म्हणजे एचबीसीयूमधल्या प्राध्यापकांना सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण देणं म्हणजे पैसा पाण्यात घालणं. कारणं चार दिली आहेत. हे क्षेत्र दर सहा महिन्यांनी बदलतं, त्यामुळे पन्नाशीतला प्राध्यापक कधीच बरोबरीला येणार नाही. सगळं यूट्यूबवर फुकट आहे, तेव्हा पैसे थेट मुलांच्या सर्टिफिकेटांना द्या. शिकलेला प्राध्यापक कंपनीत पळतो. आणि या कॉलेजांना सरकारने आधीच भरभरून दिलं आहे.

मी मेरीलँडमध्ये सायबर सुरक्षेत नोकरी करते आणि आठवड्यातली एक संध्याकाळ अशाच एका कॉलेजात शिकवते. चारपैकी तिसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. बाकीचे तीन ज्याने लिहिले त्याने या कॉलेजांची एकही लॅब आतून पाहिलेली नसावी.

ही कॉलेजं कोणती ते आधी सांगते, कारण मेसेज पुढे ढकलणाऱ्या अनेकांना ते माहीत नाही. कृष्णवर्णीयांना शिक्षण देण्यासाठी १९६४ पूर्वी स्थापन झालेल्या संस्था, अशी त्यांची व्याख्या अमेरिकेच्या १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यात आहे. आज त्या शंभरच्या आसपास आहेत. पेनसिल्व्हेनियातलं चेनी १८३७ चं, वॉशिंग्टनचं हॉवर्ड १८६७ चं, व्हर्जिनियातलं हॅम्पटन १८६८ चं. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हा हॉवर्डला सहा वर्षं झाली होती. त्या अर्पणपत्रिकेचा आपल्याला अभिमान आहे. मग ज्यांच्या सुटकेबद्दल ती लिहिली गेली, त्यांच्या नातवंडा-पतवंडांची कॉलेजं कशी चालतात याची थोडी चौकशी तरी आपण करायला हवी होती.

आता पहिला मुद्दा, क्षेत्र बदलण्याचा. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने तेव्हाच्या इंटरनेटवरची हजारो यंत्रं लोळवली. त्याची एक युक्ती बफर ओव्हरफ्लोची होती: प्रोग्रामने जेवढी जागा राखून ठेवली आहे त्याहून जास्त मजकूर आत कोंबायचा आणि शेजारची मेमरी आपल्या ताब्यात घ्यायची. एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे वेबसाइटच्या रकान्यात डेटाबेससाठीचा हुकूम घुसवणं, १९९८ पासून सगळ्यांना माहीत आहे. मे २०२३ मध्ये मूव्हइट या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधून दोन हजारांहून अधिक संस्थांचा डेटा चोरीला गेला, त्यात अमेरिकी विद्यापीठंही होती. ते भोक एसक्यूएल इंजेक्शनचंच होतं. पंचवीस वर्षांनंतरही! वीस वर्षं सी ही प्रोग्रामिंगची भाषा आणि डेटाबेस शिकवलेल्या माणसाकडे या दोन्ही गोष्टींचा पाया आधीपासून आहे. त्यावर हल्लेखोराची नजर बसवायची असते, आणि ते काम प्रशिक्षणाने होतं.

जे खरंच बदलतं त्याचंही एक उदाहरण देते. दर ९० दिवसांनी पासवर्ड बदला, त्यात एक आकडा आणि एक चिन्ह हवंच, हे आपण सगळे ऐकत आलो. या नियमांमागे अमेरिकी मानकसंस्था एनआयएसटीचा २००३ चा दस्तऐवज होता. जून २०१७ मध्ये त्याच संस्थेने ते मागे घेतले: लांब पासवर्ड चालेल, ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदला. जुना दस्तऐवज लिहिणाऱ्या बिल बर यांनी त्या वर्षी आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो असं उघडपणे सांगितलं. आमच्या विभागातल्या एका स्लाइडवर मात्र ते ९० दिवस अगदी परवापर्यंत होते. स्लाइड करणारे प्राध्यापक हुशार आहेत, मेहनती आहेत. ते सेमिस्टरला चार विषय शिकवतात, मुलांचे सल्लागार आहेत आणि ॲक्रेडिटेशनचे, म्हणजे कॉलेजच्या मान्यतेचे, कागदही त्यांच्याच टेबलावर येतात. नवं काय आलं हे त्यांना कळावं अशी सोय कुणी केलीच नव्हती. क्षेत्र बदलतं म्हणून प्रशिक्षण व्यर्थ आहे, असं डॉक्टरांच्या बाबतीत आपण कधी म्हणू का?

दुसऱ्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण तो ऐकायला सर्वात शहाणपणाचा वाटतो. सगळं फुकट मिळतं हे खरं आहे. सिराक्यूज विद्यापीठातले प्राध्यापक वेनलियांग डू २००२ पासून सीड लॅब्ज नावाचे सराव तयार करत आले आहेत. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या मदतीने ते जगभर मोफत वापरले जातात, आमच्याकडेही. पण लॅब फुकट मिळाली म्हणून ती आपोआप चालत नाही. मंगळवारच्या माझ्या एका तासाचंच सांगते.

विषय बफर ओव्हरफ्लो. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या स्क्रीनवर ‘स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड’ असा संदेश येऊन प्रोग्राम मरत होता. सरावासाठी कंपाइल करताना स्टॅकचं, म्हणजे प्रोग्रामच्या तात्पुरत्या मेमरीचं, संरक्षण बंद करायचं राहिलं होतं. हे व्हिडिओतही सांगितलेलं असतं. मागच्या मुलाला दर वेळी मेमरीतला वेगळाच पत्ता दिसत होता. त्याने मशीन पुन्हा सुरू केली होती, त्यामुळे पत्ते इकडेतिकडे करण्याची लिनक्सची सोय परत चालू झाली होती. हेही शोधून सापडतं. तिसरी अडचण खरी होती. एका मुलाचा हल्ला डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्राम थांबवून तपासायच्या साधनात, चालत होता आणि बाहेर तोच हल्ला पडत होता. पाऊण तास तो आकडे पुन्हा पुन्हा मोजत बसला. शेवटी म्हणाला, मला हे जमणारं नाही, मी दुसरा विषय घेतो.

त्या दिवशी विभागातले एक ज्येष्ठ प्राध्यापक माझ्यासोबत होते. ते त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, तुझं गणित बरोबर आहे. डीबगर स्वतःचे काही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे भोवतालची थोडी माहिती, स्टॅकवर ठेवतो, त्यामुळे तिथला पत्ता बाहेरच्या पत्त्यापेक्षा थोडा सरकलेला असतो. थोडा पुढचा पत्ता घे आणि आधी नॉप, म्हणजे काहीच न करणाऱ्या सूचना, भर, म्हणजे नेम जरा चुकला तरी चालेल. दहा मिनिटांत त्या मुलाच्या स्क्रीनवर रूटचं, म्हणजे यंत्राचा पूर्ण ताबा मिळाल्याचं, चिन्ह आलं. सरांना हे ठाऊक होतं, कारण उन्हाळ्यातल्या कार्यशाळेत ते स्वतः याच जागी अर्धा दिवस अडकले होते. ‘तुझं गणित बरोबर आहे’ हे वाक्य व्हिडिओ म्हणू शकत नाही. शेजारी बसलेल्या माणसालाच ते म्हणता येतं, आणि तेही तो स्वतः त्यातून गेला असेल तरच.

सर्टिफिकेटांना माझा विरोध नाही. सिक्युरिटी प्लस या सर्टिफिकेटची परीक्षा चारशे डॉलरच्या आसपास पडते, आणि ती फी कुणी भरत असेल तर मुलांनी जरूर द्यावी. पण ‘पैसे थेट मुलांना’ म्हणणाऱ्यांनी मुलांना मिळणारी मोठी शिष्यवृत्ती कुठून येते ते पाहावं. सायबरकोअर या सरकारी योजनेत फी भरली जाते, वर विद्यावेतन मिळतं, आणि त्या बदल्यात तेवढा काळ सरकारी नोकरी करायची असते. ही योजना विद्यापीठांमार्फत चालते. विद्यापीठाने प्रस्ताव लिहून स्पर्धेत उतरायचं आणि आपला अभ्यासक्रम दमदार असल्याचं दाखवायचं. राष्ट्रीय सुरक्षा संस्था म्हणजे एनएसए ज्या कॉलेजांना सायबर सुरक्षेचं उत्कृष्टता केंद्र म्हणून मान्यता देते, तिथेही शिकवणारे कोण आहेत हे पाहिलं जातं. नॉरफोक स्टेट, हॅम्पटन, टस्कीगी, मॉर्गन स्टेट यांनी ती मान्यता मिळवली ती तिथल्या प्राध्यापकांच्या कष्टावर. शिक्षक वगळून मुलापर्यंत पोचणारी वाट या व्यवस्थेत जवळपास नाहीच.

तिसरा मुद्दा: शिकून पळतात. काही जण जातात. कंपनीचा पगार आणि छोट्या कॉलेजचा पगार यांत जे अंतर आहे ते मी माझ्या दोन पगारपत्रकांवर दर महिन्याला पाहते. पण न शिकवल्याने माणूस थांबतो असं थोडंच आहे? म्हणून एकाऐवजी दोघांना पाठवावं, म्हणजे एक गेला तरी लॅब बंद पडत नाही.

चौथा मुद्दा वाचून मला राग आला. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे शिक्षणमंत्री मिगेल कार्डोना आणि कृषिमंत्री टॉम व्हिलसॅक यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली. १८९० च्या कायद्यातून लँड-ग्रँट, म्हणजे शेती आणि तंत्रशिक्षणासाठी सरकारी मदतीचा, दर्जा मिळालेल्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांना, त्याच राज्यातल्या जुन्या गोऱ्या विद्यापीठांच्या तुलनेत, तीस वर्षांत १२ अब्ज डॉलरहून अधिक कमी निधी मिळाला, असा त्यांचा हिशेब होता. एकट्या टेनेसी स्टेटचा वाटा २ अब्जांच्या वर. आता ज्याला मेसेजवाले ‘भरभरून’ म्हणतात ते पाहा. जानेवारी २०१५ मध्ये तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी नॉरफोक स्टेटमध्ये सायबर मनुष्यबळासाठी अडीच कोटी डॉलर जाहीर केले: पाच वर्षांसाठी, १३ एचबीसीयू, दोन राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि दक्षिण कॅरोलायनातला एक शाळा-जिल्हा यांच्यात मिळून. सगळी रक्कम फक्त तेरा कॉलेजांत सारखी वाटली असं धरलं, तरी कॉलेजमागे वर्षाला चार लाख डॉलर भरत नाहीत. त्यात उपकरणं आली, शिष्यवृत्त्या आल्या, पगार आले. प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाला त्यातून किती उरणार ते तुम्हीच मोजा.

मेसेजमध्ये एक गोष्ट आलेलीच नाही. या कॉलेजांवर हल्ले होतात. सप्टेंबर २०२१ मध्ये हॉवर्डवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा, हल्ला झाला आणि विद्यापीठाला वर्ग रद्द करावे लागले. इलिनॉयमधलं लिंकन कॉलेज एचबीसीयू नव्हतं, पण सरकारी नोंदीत ते कृष्णवर्णीय-बहुल कॉलेज होतं. कोविडने ते आधीच खिळखिळं झालं होतं. डिसेंबर २०२१ च्या हल्ल्यात प्रवेशांची माहिती अडकून पडली आणि मे २०२२ मध्ये १५७ वर्षांचं कॉलेज कायमचं बंद झालं. खोटं बिल जोडलेला ईमेल कुणाकडेही येतो, संगणक विभाग असो, अकाउंटिंग असो की नर्सिंग. त्यामुळे प्रशिक्षण या सगळ्यांना हवं.

एक मात्र मान्य करते. दोन दिवसांचा कार्यक्रम, डबाबंद जेवण, शेवटी प्रमाणपत्रासह फोटो, असं प्रशिक्षण मीही पाहिलं आहे आणि त्यातून काही उरत नाही. उपयोगी पडतं ते उन्हाळ्यातलं दोन आठवड्यांचं, मानधनासह, स्वतःच्या हाताने लॅब करायला लावणारं. परत आल्यावर एका सेमिस्टरला चारऐवजी तीनच विषय द्यायचे, म्हणजे नवी लॅब बसवायला वेळ मिळतो. आणि अडलं की फोन करायला माणूस हवा. गेल्या ऑक्टोबरमध्ये रात्री साडेनऊला आमच्या सरांचा मला फोन आला. वर्गातल्या सहा मुलांकडे नवे मॅक होते, त्यांची चिप वेगळी, जुनी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक, त्यावर चालेना आणि लॅब दुसऱ्या दिवशी सकाळी. आम्ही अकरापर्यंत बसलो. कार्यशाळेत भेटलेल्या दुसऱ्या राज्यातल्या एका मॅडमनी मॅकवर चालणारी मशीन आधीच बसवून ठेवली होती. त्यांनी ती पाठवली, आणि सकाळी सहाही जणांची लॅब झाली.