ज्योत की झोत? एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'सिगार पेटवायची ती पिवळ्या ज्योतीवरच' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतरांसाठी तिचा गाभा आधी सांगतो. साधा लायटर मऊ पिवळी ज्योत देतो आणि जेट लायटर जोरदार निळा झोत, पण ब्युटेन हा गॅस दोन्हीकडे तोच असल्यामुळे जेटने 'गॅसची चव' येते हे म्हणणं शास्त्राला धरून नाही, असं तुम्ही लिहिलंत. काजळी धरते ती पिवळी ज्योत आणि निळा झोत स्वच्छ जळतो, म्हणजे मी उलटंच सांगितलं, हा दुसरा आक्षेप. काडी वापरा म्हणताना मी गंधकाचं नावही काढलं नाही, हा तिसरा. सीडरच्या पट्टीला देवदार म्हटलं, हा चौथा. वाऱ्यात ज्योत टिकत नसताना मी जेट टाकून द्या म्हटलं, हेही जाता जाता सुनावलंत. आणि शेवटचं वाक्य: "हे सगळं जुन्याच्या प्रेमातून आलंय, अनुभवातून नाही."

चौथ्यापासून सुरू करतो, कारण तिथे सरळसरळ माझी चूक आहे आणि ती वाचून कुणी तसं केलं तर सिगार वाया जाईल. सिगारच्या पेट्या ज्या लाकडाच्या असतात आणि ज्याच्या पातळ पट्ट्या पेटवून सिगार शिलगावतात, त्याला 'स्पॅनिश सीडर' म्हणतात. पण तो सीडर नाहीच. सेड्रेला ओडोराटा हे त्याचं नाव. कॅरिबियन बेटं आणि मध्य-दक्षिण अमेरिकेतलं हे झाड महोगनीच्या, म्हणजेच आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. आपल्याकडचा तूण त्याचा इतका जवळचा की एके काळी वनस्पतिशास्त्रज्ञ त्यालाही सेड्रेलाच म्हणत. देवदार हा खरा सीडर, पण तो सूचिपर्णी वृक्ष. त्याचं लाकूड तेलकट, वास उग्र. त्याची ढलपी पेटवून सिगारला लावली तर पहिला इंचभर तंबाखूची चव येणारच नाही, देवदाराच्या धुराचीच येईल. शब्दाचं भाषांतर केलं आणि झाडाची चौकशी केली नाही. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे, तुमचे आभार.

गॅसच्या चवीबद्दलही तुमचंच बरोबर. एक ग्रॅम ब्युटेन पुरता जळला की साधारण ४५ किलोज्यूल उष्णता निघते, मग तो ज्योतीतून जळो की झोतातून. मागे राहतं ते पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, आणि त्यांना चव नाही. तरीही जेटने पेटवलेल्या सिगारला काहीतरी कडवट, जळकट लागतं ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे, आणि स्वतः चाखली आहे, की ती नुसता भ्रम म्हणून सोडून देता येत नाही. मात्र त्या चवीला मी गॅसचं नाव दिलं, तिथे चुकलो. बहुतेक वेळा ती जळून कोळसा झालेल्या पानाची चव असते. क्वचित गॅसच हलक्या प्रतीचा असतो. तो ओळखायची सोपी रीत म्हणजे भरायच्या डब्यातला थोडा गॅस उघड्यावर, आसपास कुठे विस्तव नसताना, स्वच्छ काचेवर सोडायचा. उडून गेल्यावर तेलकट डाग उरला तर तो गॅस लायटरच्या तोंडातही बसणार आणि सिगारलाही लागणार. तिसरं कारण निव्वळ घाईचं. कळ दाबता दाबताच झुरका ओढला तर ठिणगी पडायच्या आधी सुटलेला कच्चा गॅस आत येतो.

ओघात आलंच आहे म्हणून सांगतो, घरच्या सिलिंडरमधून लायटर भरू नका. मागे एकाने तसा उपाय विचारला होता. ब्युटेनचा दाब २० अंश तापमानाला वातावरणाच्या सुमारे दुप्पट, तर प्रोपेनचा आठपटीहून अधिक. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये दोन्ही मिसळलेले असतात. लायटरची टाकी त्या दाबासाठी घडवलेली नसते. शिवाय गळती कळावी म्हणून त्यात घातलेला दर्प वेगळाच.

आता काजळी. इथे मात्र तुमचं अर्धंच पटतं. ज्योत पिवळी दिसते ती तिच्यात तापून उजळलेल्या कार्बनच्या कणांमुळे, हे खरं. गॅस आधी बाहेर येतो आणि मग कडेकडेने हवा मिळेल तसा जळतो, त्यामुळे पोटात काजळी तयार होते. पण आजीला काजळ धरताना पाहिलं असेल तर आठवा. ताटली दिव्यावर उपडी ठेवताना ती ज्योतीत घुसेल इतकी खाली ठेवावी लागते. वर धरली तर काजळ धरत नाही, कारण ज्योत शांत आणि बेताची असेल तर ते कण शेंड्यापाशी पोचेपर्यंत जळून गेलेले असतात. सिगारचंही तसंच. ज्योतीच्या टोकापासून अर्धा-पाऊण इंच वर धरली तर तिला फक्त गरम वारा लागतो, काजळी नाही. ज्योतीत बुडवली तर काजळी धरणारच, आणि तो दोष धरणाऱ्याचा. निळ्या झोताचा स्वच्छपणा मी नाकारत नाही. बारीक तोंडातून गॅस वेगाने सुटतो, बाजूच्या भोकांतून हवा ओढून घेतो, आणि मिसळूनच पेटतो. काजळी व्हायला वावच नाही.

"अनुभवातून नाही" हे वाक्य मात्र लागलं, म्हणून थोडं घरचं सांगतो. मी हुपरीचा. आमच्याकडे चांदीकाम. जेट लायटर हा शब्द ऐकायच्या कितीतरी आधी मी ज्योतीचा झोत होताना पाहिला आहे. वडील दिव्याच्या पिवळ्या ज्योतीवर फुंकणी धरायचे, गाल फुगवून एकसारखी फुंक घालायचे, आणि तीच आळसावलेली ज्योत आडवी होऊन निळी, टोकदार व्हायची. तेल तेच, वात तीच. फुंकेने हवा आत मिसळली आणि उष्णता एका टोकावर गोळा झाली. पैंजणाच्या कड्यांना डाख द्यायला ते टोक लागायचंच, पण जाळीच्या बारीक तारेवर ते एक क्षण जास्त राहिलं की तार आवळून तिचा मणी व्हायचा. मी असे पुष्कळ मणी केले. वडील रागवायचे नाहीत, एवढंच म्हणायचे, "आधी सगळा जिन्नस ऊब धरू दे, मग टोक लाव."

माझं म्हणणं मी मूळ लेखात नीट मांडलं नव्हतं, ते हेच आहे. ज्योत शुद्ध की झोत शुद्ध, हा वादच नव्हे. ब्युटेन हवेत जळताना तापमानाची सैद्धांतिक कमाल मर्यादा दोघांनाही एकच, सुमारे १९७० अंश सेल्सियस. ज्योत उजेड फेकण्यात आणि हळूहळू मिसळण्यात बरीच उष्णता गमावते, झोत ती एका बिंदूवर नेऊन आदळतो. म्हणजे निवड करायची ती हाताला चूक सुधारायला किती वेळ मिळतो यावर. सिगारचं बाहेरचं पान, रॅपर, कागदाइतकं पातळ असतं. मधोमध भरलेलं लिगेरो, म्हणजे झाडाच्या शेंड्याकडचं जाड, तेलकट पान, सावकाश पेटतं. झोत लावला की कड दोन सेकंदांत काळी होते आणि मधलं पान अजून गारच असतं. वरून लालभडक दिसतं, म्हणून आपण पेटली समजून ओढायला लागतो. मग एक बाजू पुढे धावते किंवा पोट विझतं, आणि पुन्हा झोत, पुन्हा कोळसा. ज्योतीसमोर तीच सिगार तिरपी धरून फिरवत राहिलं तर अर्धा मिनिट जातो, पण कड आणि पोट बरोबरीने तापतात.

मी राहतो त्या अमेरिकेतल्या टॅम्पा शहरात ईबोर सिटी आहे. १८८०च्या दशकात विसेंते मार्तिनेझ ईबोर याने सिगारच्या कारखान्यांसाठी वसवलेली, क्यूबन, स्पॅनिश आणि इटालियन कामगारांची वस्ती. तिथल्या एका छोट्या दुकानात सिगार वळणारे एक वयस्कर गृहस्थ बसतात. त्यांच्या टेबलावर काडेपेटी आणि एकाच झोताचा जेट लायटर, दोन्ही असतात. मी विचारलं, कुठलं चांगलं? उत्तर न देता त्यांनी जेट पेटवला आणि सिगार झोताच्या टोकापासून चांगली दोन बोटं लांब धरून फिरवली. कडेला राखाडी वळं उमटलं, तेव्हा लायटर बंद करून त्यांनी पेटत्या टोकावर हलकी फुंकर मारली. सगळीकडे सारखं नारिंगी उजळलं, फक्त एका कोपऱ्यात काळा ठिपका राहिला. तेवढ्यापुरता झोत पुन्हा दाखवला. मला उगाच हुपरीची शेगडी आठवली.

तेव्हा जेट टाकून द्या, हा माझा सल्ला मी मागे घेतो. समुद्रावर, गच्चीत, पावसाळी वाऱ्यात ज्योत टिकतच नाही. तिथे जेटच हवा, आणि तुमचा वाऱ्याचा मुद्दा पूर्ण मान्य. पण तुम्ही तीन झोतांचा लायटर सगळ्यालाच वापरता असं लिहिलंत, तिथे थांबा. सिगारची जाडी रिंग गेजमध्ये मोजतात, एक गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. ६० गेजची सिगार जवळपास २४ मिलिमीटर जाड, तिला तीन झोत शोभतात. लान्सेरो ही सडपातळ सिगार ३८ गेजची, जेमतेम १५ मिलिमीटर. तिला तीन झोत लावले की टोकाबरोबर बाजूचं रॅपरही भाजतं आणि मागे सरकत तडकतं. लान्सेरोला एक काडीसुद्धा पुरते. अमेरिकेला विमानाने येणार असाल तर जेट लायटर घरीच ठेवा. इथल्या विमानांत तो ना हातातल्या पिशवीत चालतो, ना सामानात.

काडीतल्या गंधकाबद्दल लिहायला हवं होतं, खरंच. गुलात पोटॅशियम क्लोरेटबरोबर गंधक असतं, म्हणून भडका ओसरून आग लाकडावर येईपर्यंत दोन-तीन सेकंद काडी लांब धरायची. आपल्याकडच्या मेणकाड्या नकोतच, त्यांच्या मेणाचा वास शेवटपर्यंत जात नाही. लाकडी काडी लहान असली तर दोन एकत्र पेटवा. पेट्रोलवर चालणाऱ्या लायटरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तो मी सिगारजवळ आणत नाही. त्या इंधनाचा वास खरोखर लागतो, आणि तिथे 'चव भ्रम आहे' असं तुम्हीही म्हणणार नाही.

याच लेखाखाली आणखी एकाने तंबाखूवर मराठीत लिहायचंच कशाला, असं विचारलं आहे. हुपरीहून निपाणी जवळच. तंबाखूच्या वखारीत राबलेल्या बायका आमच्या नात्यात होत्या, त्यांचा खोकला मी ऐकला आहे. सिगारचा धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाला, घशाला सुटका नाही, हे मी जाणतो. महिन्याला दोन, यापुढे मी जात नाही, आणि जो ओढत नाही त्याने सुरू करावी असं मी कधी लिहिणार नाही. जे ओढतातच, त्यांच्याशी मी आगीबद्दल बोलतो.

शेवटी एक विनंती. एकाच पेटीतल्या दोन सिगार घ्या, वारा नसलेल्या खोलीत. एक तुमच्या तीन झोतांवर, नेहमीसारखी. दुसरी पिवळ्या ज्योतीवर, वर धरून, फिरवत, घाई न करता. एका बैठकीत दोन्ही नकोत, दोन वेगवेगळ्या संध्याकाळी. दहा मिनिटांनी राख सरळ पडते की तिरपी, आणि पहिल्या इंचात जीभ काय सांगते, तेवढं लिहून कळवा. तुमचं निरीक्षण माझ्या विरुद्ध गेलं तर ते जसंच्या तसं मूळ लेखात घालतो.