गुरूंची नक्कल म्हणजे आदरांजली नव्हे

गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम कुठेही बघा, साचा तोच. गुरुजींची गाजलेली बंदिश, गुरुजींच्याच जागा, त्यांचीच तिहाई (तीनदा घेऊन संपवायचा तुकडा). टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ होतं. मला हे पटत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

कुमार गंधर्वांचा बालगंधर्वांवर किती जीव होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांनी कार्यक्रम केला तो 'मला उमजलेले बालगंधर्व'. तीच नाट्यपदं, पण गळा, विचार सगळं स्वतःचं. गांधीजींना वंदन करायचं होतं तर नवा राग बांधला, गांधी मल्हार. आदर असा असावा असं मला वाटतं.

आम्ही काही मित्र मिळून सध्या सोलापूरच्या यंत्रमागांच्या आवाजावर एक रचना बांधतोय. ती आमच्या तबल्याच्या गुरुजींसाठी आहे आणि शहराच्या पूर्व भागातल्या एका जॉबर (माग दुरुस्त करणाऱ्या) अण्णांसाठी. अण्णांनी जन्मात वाद्य हाती घेतलं नाही. पण सगळे माग धडधडत असताना ते कारखान्याच्या दारात नुसते उभे राहायचे आणि सांगायचे, "पलीकडच्या मागाचा धोटा बघ रे, नीट बसत नाहीये." (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागात ये-जा करणारा तुकडा.) बघितलं की तसंच निघायचं. ऐकावं कसं, हे मला गुरुजींइतकंच अण्णांनी शिकवलं.

माग जवळून ऐकलात तर कळेल, धोटा जातानाचा ठोका आणि परततानाचा ठोका सारखा नसतो. एक भरीव, एक किंचित कोरडा. शेजारचे दोन माग एकाच वेगाने चालतात असं वाटतं, पण त्यांची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हळूहळू सरकते, फाटते आणि बऱ्याच वेळाने पुन्हा जुळते. गुरुजी म्हणायचे, सम मोजू नकोस, तिची वाट बघ. ते मला खरं उमगलं ते या मागांपाशी.

रचनेचा दुसरा भाग चादरीच्या जेकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर आहे. नक्षीचे ते भोकं पाडलेले पुठ्ठे माहीत असतीलच. भोक असेल तिथे ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. टाकून दिलेले असे पुठ्ठे आम्ही ओळीने वाचले : भोक तिथे संबळाचा ठोका, कोरं तिथे मोकळी मात्रा. ही कल्पना माझी नाही, आता नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या मित्राची आहे. संबळ वाजवणारा तुळजापूरकडचा, गोंधळ्यांच्या घरातला. आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो ते बरोबरच, पण बरोबरीच्या माणसाकडून शिकलो हे चारचौघांत सांगायला जीभ का जड होते? माझ्या मते या बरोबरीच्या माणसांचं ऋण जास्त आहे, कारण आपली कच्ची, अर्धवट गोष्ट पहिल्यांदा तेच ऐकून घेतात.

"हे काय संगीत झालं का?" असं आम्हाला विचारतात. अहो, १९४८ साली पॅरिसमध्ये फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी रेल्वेच्या आवाजांतून रचना केली. १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारं वाद्य) घेऊन स्टुडिओ उभा केला आणि तिथे गीता साराभाई, अतुल देसाई अशा आपल्या लोकांनी काम केलं. म्हणजे ही वाट आपल्या देशातही जुनी आहे. मग गिरणगाव म्हणवणाऱ्या सोलापूरने स्वतःचा आवाज का वापरू नये?

गुरुजींना पहिला भाग ऐकवला. ते एवढंच म्हणाले, "शेवटी घाई होतेय, अजून थांब." आम्ही शेवट लांबवला.

एक गोष्ट मात्र अजून हाती लागलेली नाही : गिरणीचा भोंगा. १८७७ सालच्या जुन्या मिलचा असो की नंतरच्या कुठल्या गिरणीचा. कुणाच्या घरी जुन्या कॅसेटवर, लग्नाच्या व्हिडिओत मागे कुठे ऐकू येत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. श्रेयनामावलीत अण्णांच्या आणि गुरुजींच्या शेजारी तुमचंही नाव येईल.