आमची गाडी ‘तयार नाही’

आमची 2007 सालची गाडी काही दोष निघून अडली असती, तर मी तो मुकाट्याने दुरुस्त केला असता. परंतु कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या स्मॉग तपासणी (म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी) केंद्रावर तिच्यात एकही दोष सापडला नाही; ‘ती अजून तयार नाही’ एवढेच कारण सांगून प्रमाणपत्र नाकारले गेले, आणि पन्नासेक डॉलर मात्र तत्परतेने घेतले गेले. आदल्या संध्याकाळी मी बॅटरी बदलली होती, हाच माझा अपराध.

झाले असे, की 1996 पासून अमेरिकेतल्या मोटारींना ओबीडी-टू नावाची, इंजिन आणि धुरावर गाडीतूनच लक्ष ठेवणारी देखरेखव्यवस्था सक्तीची आहे. त्यामुळे माझ्या गाडीच्या वयाच्या पेट्रोल मोटारींच्या सायलेन्सरमध्ये कॅलिफोर्नियात आता नळी घालत नाहीत. स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खोबणीत केबल खोचून गाडीलाच तिची प्रकृती विचारतात. गाडी आपल्या चाचण्या रस्त्यावर, आपल्या सवडीने घेते, आणि जुन्या गाड्यांत बॅटरी काढली की त्यांची नोंद पुसली जाते. दोष दाखवणारा दिवा लागला की लोक नोंद पुसून तपासणीला येत, म्हणून नोंद अपुरी असली की गाडी ‘तयार नाही’, असा नियम. कारण पटते, म्हणूनच राग अधिक येतो.

सोबत माझे सासरे होते. नाना एसटीच्या आगारातून प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झालेले, आणि इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारे. तंत्रज्ञ पडद्याकडे बघत असताना ते गाडीमागे उकिडवे बसले, धोतराला जपावे तसे पॅन्टला जपत त्यांनी पांढरा रुमाल सायलेन्सरच्या तोंडात फिरवला, आणि तो पताकेसारखा तंत्रज्ञापुढे धरून म्हणाले, “सी! क्लीन!”

तंत्रज्ञाने रुमालाकडे आदराने पाहिले आणि नम्रपणे पडद्याकडे बोट दाखवले.

“काय म्हणतोय हा?”

“नाना, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची चाचणी अपुरी आहे. त्याच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्याचा व्होल्टेज सारखा खालीवर होतो, मागच्याचा शांत राहायला हवा.”

“आणि मागचाही नाचायला लागला तर?”

“तर कन्व्हर्टर काम करत नाही.”

नानांनी क्षणभर विचार केला. “म्हणजे एक तपासनीस चढताना आणि एक उतरताना. दोघांचा हिशेब तंतोतंत सारखा आला, तर मधला कंडक्टर झोपलाय.”

इतके सोपे मला कोणत्याही पुस्तिकेने सांगितले नव्हते. मी ते तंत्रज्ञाला इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. त्याने बस कोणती, असे विचारले.

“पण जावईबापू, ‘माझा अभ्यास झाला नाही’ असे गाडीने म्हणायचे आणि फी तुम्ही भरायची, हा कुठला न्याय?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. फोक्सवॅगनने 2009 ते 2015 या मॉडेलवर्षांच्या डिझेल गाड्यांत, परीक्षा चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरते सभ्य वागणारे सॉफ्टवेअर घातले, तेव्हा त्या गाड्या वर्षानुवर्षे बिनबोभाट उत्तीर्ण होत होत्या. अडायची ती रीतसर पावती घेऊन बॅटरी बदलणाऱ्याची गाडी.

मग गाडीच्या राहिलेल्या चाचण्या पूर्ण व्हाव्यात म्हणून तिचा अभ्यास सुरू झाला. रात्रभर गाडी थंड ठेवायची, टाकी अर्धीच ठेवायची, पहाटे इंजिन काही मिनिटे जागीच चालू ठेवायचे, मग महामार्गावर ताशी 55 मैलांचा वेग न हलवता धरायचा आणि नंतर ब्रेक न लावता तो ओसरू द्यायचा. मागून येणारे हॉर्न वाजवत होते, शेजारी नाना खिडकीतून हात काढून त्यांना पुढे जायची खूण करत होते, आणि मधूनमधून ‘या उभ्या गाड्यांनीच बॅटऱ्या मरतात’ असे बजावत होते. तिसऱ्या पहाटे, त्याच खोबणीत खोचायच्या माझ्या छोट्या यंत्रावर कन्व्हर्टर आणि सेन्सर दोन्हींपुढे ‘पूर्ण’ उमटले. उरली फक्त पेट्रोलच्या वाफेची चाचणी, आणि तेवढी एक अपुरी चालते.

केंद्राची वेळ दोन दिवसांनंतरची मिळाली. आज सकाळी किल्ली फिरवली, तर गाडीतले घड्याळ बारा वाजल्याचे दाखवत होते. नाना चहाचा कप घेऊन गराजच्या दारात उभे होते.

“दोन दिवस उभी राहणार होती ना, म्हणून बॅटरीचे टर्मिनल काढून ठेवले होते. आत्ताच लावले. बघा, कशी झटक्यात सुरू झाली.”